पोरीला कुस्तीत घालू का? सीमाभागातल्या एका आईला उत्तर

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी मराठी शाळेत नववीत. तालुका, जिल्हा असं करत कुस्तीत विभागीय पातळीवर पहिली आली आणि आता क्रीडा वसतिगृहाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलंय. घरात दोन तट पडलेत. आजोबा जुने पैलवान, ते म्हणतात पाठवा. काका म्हणतात, खेळून कुणाचं पोट भरलंय, शिवाय कुस्तीत पोरीचे कान मोडले तर लग्नाचं काय? शेजारचे सांगतात, हॉस्टेल नको, कोल्हापूरला ठेवा. आणि ताईंचा स्वतःचा प्रश्न सगळ्यात शेवटी, एका ओळीत आहे: "सर, एवढं करून आपल्या समाजात खेळाडूला खरंच किंमत आहे का, का नुसती शाल-श्रीफळापुरती?"

मी बेळगाव तालुक्यात पीटी मास्तर म्हणून नोकरी केली, संध्याकाळी तालीम चालवली आणि अजूनही यात्रांच्या मैदानात पंच म्हणून उभा असतो. त्यामुळे उत्तर लांबेल. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो.

किंमत आहे. सीमाभागात तर जरा जास्तच आहे. येळ्ळूर, मुतगा, कंग्राळी, सांबरा, किणये, कुठल्याही गावात जा. एकदा पोरगं तालमीत नावारूपाला आलं की त्याच्या नावाआधी 'पैलवान' लागतं ते कायमचं. लग्नपत्रिकेत लागतं, गणपतीच्या बॅनरवर लागतं, म्हातारा होऊन गेला तरी कार्यक्रमाच्या कार्डावर लागतं. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे लोक आधी त्याच्या दारात. दोन गल्ल्यांत भांडण झालं तर मिटवायला त्यालाच बोलावतात. पण ताई, तुम्ही विचारताय ती किंमत ही नव्हे, हे मला कळतंय. चाळिशीनंतर घरात महिन्याला काय येणार, हे तुम्हाला विचारायचं आहे. तर ऐका: आपल्याकडं मान मैदानात मिळतो आणि पगार कागदावर मिळतो. दोन्ही एकच समजल्यामुळं आपल्या भागातल्या किती तरी चांगल्या पोरांचं वाटोळं झालंय.

खेळाडू आपल्या भागात कधीच कमी नव्हते. १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा पहिला संघ गेला, तेव्हा मॅरेथॉन पळायला त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले होता, आणि तो एकोणिसावा आला. १९६४ साली टोकियोत हॉकीचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरला जाऊन घडले आणि १९५९ साली हिंदकेसरी झाले. कोल्हापूरकर त्यांना आपले म्हणतात, एकसंबेकरही आपले म्हणतात, आणि दोघांचंही खरं आहे. आता आजूबाजूच्या दहा पोरांना विचारून बघा, फडेप्पा चौगुले कोण होता म्हणून. मान टिकाऊ असतो असं समजू नका, तो पिढीबरोबर जातो.

शंकर लक्ष्मण यांचं नाव तुमच्या घरच्या आजोबांना ठाऊक असेल. हॉकीचे गोलरक्षक, १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिंपिकं खेळले, १९६६ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार. माणूस मध्य प्रदेशातल्या महूचा, पण रेजिमेंट आपली, मराठा लाईट इन्फन्ट्री, जिचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. २००६ साली ते पायाला गँगरीन होऊन गेले, तेही हलाखीत. आणि खाशाबा जाधवांचं तर सगळ्यांना माहीत आहे. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य, त्यांच्या गावी, गोळेश्वरला बैलगाड्यांची मिरवणूक. पोलीस खात्यात नोकरी मिळाली ती १९५५ साली, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. मिरवणूक लगेच निघते. बाकीच्या गोष्टींना मागं लागावं लागतं.

म्हणून मी पोरांच्या आईबापांना सांगतो, यात्रेचं मैदान आणि मॅट, म्हणजे वजनगटाच्या अधिकृत स्पर्धा, यातला फरक आधी समजून घ्या.

यात्रेचं मैदान कसं चालतं ते बघा. सकाळी कमिटीचा माणूस वही घेऊन बसतो. वस्ताद पोरं घेऊन येतात, पोरं शर्ट काढून उभी राहतात, जोड नजरेनं लावली जाते. काटा नसतो, वयाचा दाखला कोण बघत नाही. सत्तर किलोचं पोरगं ऐंशीच्या अंगावर सोडतात, कारण दोघांची उंची सारखी दिसली. हलगी घुमते, शड्डू पडतो, घिस्सा किंवा ढाक लागली की सगळं मैदान उठून उभं राहतं. जिंकलेला पोरगा हौद्याबाहेर फेरी मारतो, लोक त्याच्या हातात दहा-वीस, कुणी शंभर ठेवतात. मोठ्या कुस्तीचं इनाम मोठं असतं, पण त्यातून गाडीभाडं, बरोबरच्या चार पोरांचं जेवण, तालमीचा वाटा, महिन्याचा खुराक. मला मैदान आवडतं, अजून जातो, मरेपर्यंत जाईन. पण मैदानात मारलेल्या कुस्तीचा सरकारी नोकरीच्या फॉर्मवर रकाना नसतो. चांदीची गदा दाखवून रेल्वेत कोण लावून घेत नाही.

माझ्या तालमीतल्या दोघांचं सांगतो, नावं नको. एक दिसायला देखणा, एकचाक डावाचा हुकमी, जानेवारी ते मे यात्रांचा हंगाम त्यानं कधी चुकवला नाही. दुसरा अंगानं बारका, मैदानात टाळ्या कमी, पण वजनगटात बसून राज्य स्पर्धा खेळायचा, कॉलेजातून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला दोनदा गेला. पहिल्याचं गावात आजही नाव आहे. तो एका बिल्डरच्या जागेवर 'लक्ष ठेवायला' असतो. दुसरा केंद्रीय दलात आहे, सुट्टीला आला की तालमीत पोरांना बूट वाटतो. लक्ष ठेवायला म्हणजे काय, हे बेळगावात राहणाऱ्याला सांगायला नको. बळ आहे आणि उत्पन्न नाही अशा पैलवानाला जमिनीच्या भानगडीत उभं करणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. खेळाडूचा समाजावर प्रभाव असतो म्हणतात, तो असाही असतो.

आता कागदाचं. हे कंटाळवाणं आहे, पण तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मर्म इथंच आहे.

केंद्र सरकारच्या खात्यांत क आणि ड गटाच्या जागांत खेळाडू कोट्यातून भरती करता येते. त्यासाठी प्रमाणपत्राचे नमुने ठरलेले आहेत: पहिला आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा, दुसरा राज्याकडून राष्ट्रीय खेळल्याचा, तिसरा आंतरविद्यापीठ स्पर्धेचा, चौथा राज्याच्या शालेय संघातून राष्ट्रीय शालेय स्पर्धा खेळल्याचा. तुमची मुलगी आत्ता विभागीय पातळीवर आहे. विभागीय प्रमाणपत्र भिंतीवर लावायला छान, नोकरीसाठी त्याची सुरुवात राष्ट्रीय शालेय स्पर्धेपासून. मान्यताप्राप्त खेळांची यादी २०२० साली ४३ वरून ६३ वर नेली, त्यात मल्लखांब आणि रस्सीखेचसुद्धा आले. कुस्ती तर आधीपासून आहेच. नुसतं खेळल्यानं पात्रता येते, पण रेल्वेसारख्या ठिकाणी भरती पदक आणि क्रमांक बघून होते, तिथं चढाओढ मोठी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला २०२४ साली नेमबाजीत कांस्य जिंकला तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पदकाआधी नोकरी होती म्हणून रायफलीचा खर्च आणि सरावाची सुट्टी जमली, हे लोक विसरतात.

आणि नाव. नववीतच हे तपासा. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर मराठी पद्धतीनं मुलगी, वडील, आडनाव असं लिहिलेलं असतं. क्रीडा खात्याच्या यादीत कर्नाटकी पद्धतीनं नाव आणि पुढं एक-दोन आद्याक्षरं. आधारवर कुणी तरी आडनाव आधी टाकलेलं. त्यात कन्नडातून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं, 'पाटील'चा 'टी' कुठं लांब, कुठं आखूड. एका पोरीच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर नुसतं नाव आणि एक अक्षर होतं. ती तीच आहे हे पटवायला प्रतिज्ञापत्र, शाळेचं पत्र, संघटनेचं पत्र, बंगळूरच्या दोन फेऱ्या. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव येणार, अक्षर न् अक्षर तेच आधारवर, तेच जन्मदाखल्यावर आणि तेच स्पर्धेच्या प्रवेश अर्जावर लिहायचं. प्रमाणपत्र हातात पडलं की तिथंच उभं राहून वाचायचं, घरी येऊन नव्हे.

कुठली स्पर्धा मान्य, कुठली नाही, हेही विचारत जा. डिसेंबर २०२३ मध्ये क्रीडा मंत्रालयानं कुस्ती महासंघाला निलंबित केलं, ते मार्च २०२५ पर्यंत. त्या काळात महासंघानं पुण्यात राष्ट्रीय स्पर्धा भरवली आणि मंत्रालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या तदर्थ, म्हणजे तात्पुरत्या समितीनं जयपूरला वेगळी. निलंबित महासंघानं भरवलेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रं नोकरीला आणि प्रवेशाला धरली जाणार नाहीत, असं मंत्रालयानं आधीच बजावलं होतं. पैलवान म्हणून घाम तोच, दुखापत तीच, पण कुणाच्या मॅटवर लढलो यावर सगळं. सतरा-अठराव्या वर्षी असं वर्ष-दीड वर्ष गेलं की वयोगट बदलतो, आणि मागं राहिलेलं परत येत नाही.

आता हॉस्टेल की कोल्हापूर. सीमाभागात हा प्रश्न निघाला की भावना मध्ये येते, ती मी समजू शकतो. मीही मराठी शाळेचा मास्तर. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही कोल्हापूरच्या तालमींची नावं ऐकत आपली तीन पिढ्या पोरं वाढली. पण तुमची मुलगी आज कर्नाटकातल्या शाळेत शिकते, कर्नाटकाच्या शालेय साखळीतून खेळते. तालुका, शैक्षणिक जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. (निपाणी-चिकोडीकडची पोरं चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यातून खेळतात, म्हणून तिकडच्या नातेवाइकांचा सल्ला तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही.) त्याशिवाय दसरा क्रीडास्पर्धा आहेत, ज्यांची शेवटची फेरी म्हैसूरला होते. मधेच शाळा बदलून महाराष्ट्रात नेली तर तिथं पुन्हा पहिल्या पायरीपासून, आणि महाराष्ट्रात मुलींच्या कुस्तीत गर्दी आपल्याहून जास्त आहे. कर्नाटकाच्या संघात जागा मिळण्याची शक्यता तिला आज अधिक दिसते. तेव्हा शालेय राष्ट्रीय स्पर्धा एकदा कर्नाटकाकडून खेळू दे. सुट्टीत महिनाभर कोल्हापूरला सराव करायला कोण अडवतंय? हल्याळही जवळ आहे, तिथं कुस्तीची परंपराही आहे आणि क्रीडा खात्याचं वसतिगृहही.

महाराष्ट्रातल्या नोकरीचा विचार मनात असेल तर दोन गोष्टी वेगळ्या धरा. महाराष्ट्र सरकारच्या भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना अर्ज करता येतो. आपलं गाव यादीत आहे का बघा आणि तहसीलचा दाखला वेळेत काढा. पण तिथल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचा नियम स्वतंत्र आहे. स्पर्धा कुठली, क्रमांक कितवा, कुणाकडून खेळलात, हे सगळं जाहिरातीत बारीक अक्षरात असतं, आणि खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणं बाहेर आल्यापासून पडताळणी कडक झाली आहे. कर्नाटकात पोलीस खात्यात खेळाडूंसाठी राखीव जागा निघतात. तिथं कन्नड लागतं. मुलीला कन्नड लिहाय-वाचायला चांगलं शिकवा, यात कमीपणा काही नाही. दोन भाषांत अर्ज भरता येणारी पोरगी कुठंच अडत नाही.

दोन राज्यांच्या मापात फरक आहे हेही लपवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले. महाराष्ट्रानं आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी आणि सरकारी नोकरी जाहीर केली. कर्नाटकाच्या दोघांना पाच-पाच लाख जाहीर झाले, ते त्यांनी नाकारले. संघ एकच, चषक एकच. आपल्याकडं ती बातमी ज्या चवीनं वाचली गेली ते तुम्हाला आठवत असेल. पण विश्वचषकाच्या बक्षिसावर चौदा वर्षांच्या मुलीचं गाव ठरवायचं नसतं.

हॉस्टेलच्या बाबतीत मी काय बघतो ते सांगतो. भिंतीवरच्या ट्रॉफी बघत नाही. स्वयंपाकघर बघतो, मुलींच्या बाजूचं संडास-न्हाणीघर बघतो, दाराला आतून कडी आहे का बघतो. वॉर्डन बाई आहे का, आणि ती रात्री तिथंच राहते का. कोच पुरुष असेल, बहुतेक ठिकाणी असतोच, तर सरावाच्या वेळी दुसरी मोठी बाई हजर असते का. मालिशसाठी कोण आहे. दुखापत झाली तर कुठल्या दवाखान्यात नेतात आणि फोन कोण करतं. मुलीला घरी फोन लावायची मुभा कधी आहे. मग महिन्याभरानं न सांगता एकदा जा. २०२३ साली जंतरमंतरवर देशाच्या पदकविजेत्या कुस्तीगीर मुली लैंगिक छळाची तक्रार घेऊन रस्त्यावर बसल्या, तेव्हा इकडच्या किती तरी आयांनी पोरींची तालीम बंद केली. मला ते पटलं नाही, पण त्यांना मी दोषही दिला नाही. त्या मुली बोलल्या म्हणून आज हे प्रश्न आपण तोंडावर विचारू शकतो, नाही तर पूर्वी वस्तादाला प्रश्न विचारणं म्हणजे अपमान. मला विचाराल तर खेळाडूंचा समाजावर झालेला गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा परिणाम पदकांचा नाही, हा आहे. मुलीला आधीच सांगून ठेवा: काहीही खटकलं तर आधी घरी सांगायचं, खेळ गेला तरी चालेल.

खर्च आणि खुराक. आजोबा बदाम आणि तुपाचा हिशेब मांडतील, त्यांना मांडू दे. चौदा वर्षांच्या मुलीला अंडी, डाळ-उसळ, दूध, शेंगदाणे, नाचणी, पोटभर भाकरी-भात, एवढं वेळेवर मिळालं तर पुरेसं आहे. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासा, आपल्याकडच्या मुलींचं तिथंच अडतं आणि दोष मेहनतीला दिला जातो. वजन उतरवायला या वयात कुणी पाणी तोडायला सांगितलं तर तिथून घेऊन या. पॅरिसला विनेश फोगट १०० ग्रॅम वजनासाठी बाद झाली ते सगळ्यांनी पाहिलं. ते मोठ्यांचं गणित आहे, वाढत्या अंगाच्या पोरीचं नव्हे. ती ज्या वजनाची होईल त्या गटात खेळेल. पाळी दोन-तीन महिने चुकली तर डॉक्टरांकडे न्या, 'मेहनतीमुळं होतं' म्हणून सोडू नका. आणि ताकदीच्या इंजेक्शनांचा विषय कुणी काढला, मग तो कितीही मोठा पैलवान असो, तर त्याची सावली पोरीवर पडू देऊ नका. मैदानात तपासणी नसते, राष्ट्रीय स्पर्धेत असते. सापडली तर चार वर्षांची बंदी लागू शकते, म्हणजे कारकीर्द संपल्यातच जमा.

'क्रिकेट का नको' असं काका नक्की विचारतील, कारण ते सगळेच विचारतात. नको असं नाही. ऑटोनगरला स्टेडियम आहे, बेळगावचा रोनित मोरे कर्नाटकाकडून रणजी खेळला, आयपीएलपर्यंत गेला. रणजीत अंतिम अकरात खेळणाऱ्या नव्या खेळाडूला दिवसाला चाळीस हजार मिळतात. पण बेळगाव धारवाड विभागात मोडतं, आणि सगळ्या राज्यातून एक संघ निवडतात. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रविवारी खेळणाऱ्या पोरांकडं बघून यातून कितीजण वर जातील याचा अंदाज तुम्हीच करा. ज्या खेळात दहा वजनगट असतात तिथं दहा जागा असतात, इतकं साधं आहे.

तुरमुरीच्या मलप्रभा जाधवचं उदाहरण म्हणूनच मी सगळीकडं देतो. शेतकऱ्याची मुलगी, मूळची ज्यूडोची. २०१८ साली जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश नावाचा, ज्यूडोच्या जवळचा खेळ पहिल्यांदा आला. तो काय असतो हे बेळगावात कुणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्यात ५२ किलो गटात तिनं कांस्यपदक आणलं. त्यानंतर आमच्या भागात ज्यूडोला मुली घालायची लाट आली. तालमीत मुलींना मॅटवर येऊ द्यायचं की नाही यावर आधी जी कुजबुज चालायची ती बरीचशी बंद झाली. बायकांच्या कुस्त्या आता यात्रेच्या मैदानातही लागतात, आणि समोर बसलेले म्हातारे तोंड फिरवत नाहीत, डाव सांगतात. शाळेतल्या भाषणांनी हे झालं नसतं. शेजारच्या गावची, आपल्यासारखं आडनाव असलेली, एसटी-बसनं जाणारी मुलगी परदेशात जाऊन पदक आणते, तेव्हा बापाच्या डोक्यात उजेड पडतो. टीव्हीवरचा मोठा खेळाडू पोरांच्या भिंतीवर असतो. घरच्यांचा निर्णय बदलतो तो शेजारच्या गावच्या खेळाडूमुळं.

मुलीला कुस्तीतून ज्यूडोकडं वळवायची कुणी सूचना केली तर एकदम नाही म्हणू नका. पकड आणि पाय चांगले असतील तर दोन्ही जमतं, फक्त अकरावीपर्यंत एक ठरवा. लष्कराच्या मराठा सेंटरमधल्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीबद्दल विचाराल, तर ती मुलग्यांसाठी आहे, लहान वयात निवडून शिक्षण आणि कुस्ती दोन्ही देतात. तुमच्या धाकट्याला दाखवा. मुलीसाठी खेलो इंडियाची निवड हे पुढचं लक्ष्य ठेवा. त्यात निवडलेल्या खेळाडूला महिन्याला दहा हजार हातखर्च मिळतो, प्रशिक्षणाचा खर्च वेगळा. तोवर दहावी सोडायची नाही. एसएसएलसी नापास पैलवानाला कुठल्याच कोट्यातून चांगली जागा मिळत नाही, मग पदक कितीही चमकू दे.

चाचणीला जाताना जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, विभागीय प्रमाणपत्राच्या प्रती आणि चार फोटो न्या. आदल्या रात्री गाडीत झोपत जाऊ नका, एक दिवस आधी पोचा. निवड नाही झाली तर पुढच्या वर्षी वय बसतंय का ते तिथंच विचारून या.

राहिला काकांचा कान. सरावात कानाला मार लागून सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरकडं न्यायचा. आतलं रक्त काढून घट्ट बांधलं आणि काही दिवस मॅटवर सोडलं नाही तर सहसा मोडत नाही. सरावात कानावर घालायचं संरक्षकही मिळतं, मुलींनी ते वापरावंच. लग्नाचं म्हणाल तर तिला आत्ता चौदावं चालू आहे.